कोल्ड स्टोरेजमधला मेहुणा

सबंध सांगली जिल्ह्यात भर मे महिन्यात लोकरीचा स्वेटर घालून मोटरसायकलवरून हिंडणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा मेहुणा आहे. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, त्यामुळे ओळख नाकारायचीही सोय नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत बेदाण्याचं एक मोठं कोल्ड स्टोरेज आहे, तिथं तो सुपरवायझर. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असतं आणि आत ह्याच्या मिशांवर दव पडलेलं असतं. कामच असं की सारखं आत जायचं, सारखं बाहेर यायचं. सुरुवातीला तो इतरांसारखा स्वेटर काढत-घालत असे. पुढं कंटाळून त्यानं तो अंगावरच ठेवला आणि त्याच्याही पुढं तो अंगावर आहे हेच विसरला. एकदा दुपारच्या उन्हात सांगलीच्या पुलावर वाहतूक पोलिसानं त्याला अडवलं. स्वेटर, वर माकडटोपी, डोळ्यांत कुठं तरी लांबचं बघितल्यासारखे भाव. पोलिसानं विचारलं, "ताप आलाय काय?" हा म्हणाला, "नाही साहेब, कामावरून येतोय." पोलिसानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा सूर्याकडं पाहिलं आणि लायसन न मागता त्याला सोडून दिलं.

थंडीबद्दल त्याचं स्वतःचं असं एक तत्त्वज्ञान आहे. मला तो दाजी म्हणतो. "दाजी, गरमीत मन पातळ होतं. इकडं तिकडं वाहतं. थंडीत घट्ट बसतं, तुपासारखं." म्हणून रविवारी चर्चमध्ये करायच्या उपदेशाची तयारी तो कोल्ड स्टोरेजमध्येच करतो. बेदाण्याच्या खोक्यांच्या छपरापर्यंत गेलेल्या थप्प्या, मध्ये अरुंद वाट, वर एक पिवळा दिवा, आणि दार उघडलं की आत शिरलेल्या गरम हवेचं झालेलं धुकं. त्या धुक्यात उभा राहून तो खोक्यांना म्हणतो, "प्रियजनहो..." तिथं नवीन लागलेला एक हमाल पहिल्याच दिवशी खोकं टाकून बाहेर पळाला होता. मुकादमाला म्हणाला, "आत कोनतरी बोलतंय, आन् लय मायेनं बोलतंय!" मुकादम शांतपणे म्हणाला, "ते आमचं सायेब हाईत. तू खोकं उचल." मालकांचंही त्याच्यावर प्रेम. दर शनिवारी ते त्याला बेदाण्याची एक पिशवी देतात आणि सोमवारी ती नक्की रिकामी असते. स्वेटरच्या दोन्ही खिशांत बेदाणे भरून तो हिंडतो आणि भेटेल त्याच्या तळहातावर ठेवत जातो. डॉक्टरच्या, कंडक्टरच्या, अनोळखी म्हाताऱ्याच्या. मी शिकवतो त्या शाळेत तो एकदा मला भेटायला आला आणि आमच्या कडक मुख्याध्यापकांच्या हातावर त्यानं बेदाणे ठेवले. मुख्याध्यापक ते खात खात वर्गांवरून फेरी मारून आले. असं त्यांना त्यापूर्वी कुणी पाहिलं नव्हतं.

पाळक व्हायचं त्याच्या मनात अगदी लहानपणापासून. बायको सांगते, आईची पांढरी चादर झग्यासारखी पांघरून तो अंगणात उपासना घ्यायचा आणि माणसं जमत नसल्यामुळं कोंबड्या जमवायचा. त्या सगळ्या कोंबड्यांचा त्यानं तांब्यातल्या पाण्यानं रीतसर बाप्तिस्मा केला होता. पुढं एका रविवारी पाहुणे आले म्हणून आईनं त्यांतली एक कापली, तर हा जेवायला बसेना. आई म्हणाली, "अरे, कोंबडीच ती." हा रडत म्हणाला, "ती आपल्या मंडळीतली होती." आईवडील गेले, ताईचं लग्न होऊन ती साताऱ्याला आली, हा सांगलीत एकटा राहिला. चादर गेली, स्वेटर आला. बाकी त्याच्यात फारसा फरक पडला, असं मला वाटत नाही.

त्याचं लग्न जमवायचा प्रयत्न आम्ही एकदा केला. मुलगी साताऱ्यातलीच, नर्सिंग झालेली, हसतमुख. तिच्या घरची माणसं आमच्याकडं येऊन बसली, कांदेपोहे झाले, पेढे फिरले. सांगलीहून निघालेल्या मेहुण्याचा पत्ता नाही. बायको सारखी गच्चीवर जाऊन येत होती. शेवटी फोन वाजला. तिनं घाईघाईत स्पीकर चालू केला आणि सगळ्यांदेखत त्याचा संथ, सुखी आवाज खोलीत भरला. "ताई, मी वाईत आहे." सातारा स्टँडवर गाडी थांबली, माणसं उतरली, नवी चढली, आणि हा खिडकीतून उसाचे तुरे पाहत होता तो पाहतच राहिला. ती गाडी होती महाबळेश्वरची. "ताई, इथं घाटावर बसलोय. नदी काय सुंदर दिसतेय! पाण्यात एक म्हातारे गुरुजी उभे आहेत, आणि त्यांच्या पायांपाशी मासे येतायत. तुम्ही सगळे इकडंच का येत नाही?" मुलीच्या वडिलांनी हातातला पेढा बशीत परत ठेवला. मुलगी मात्र हसली, आणि जाताना माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "मासे खरंच पायांपाशी येतात?" तिचं पुढं मिरजेला जमलं. आमच्या मेहुण्याला ते सांगितलं तेव्हा तो फार खूश झाला. म्हणाला, "चांगली मुलगी होती म्हणत होता ना तुम्ही? मग बरं झालं."

आमच्या साताऱ्याच्या मंडळीत त्याची जी ख्याती आहे, तीही अशाच एका घोटाळ्यातून झालेली. तरुणांच्या रविवारी त्याला प्रार्थनेसाठी बोलावलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, लाइट गेलेली, चर्चमध्ये माणसं खचाखच. इतका वेळ उबेत बसायची त्याला सवय नाही. कोल्ड स्टोरेजबाहेर त्याच्या पापण्या आपोआप जड होतात. तो पुढं आला, "आपण प्रार्थना करू या" म्हणाला, पुलपिटाच्या, म्हणजे उपदेशाच्या उंच मेजाच्या, कडा दोन्ही हातांनी धरून त्यानं डोळे मिटले, "हे प्रेमळ पित्या" म्हणाला आणि उभ्या उभ्या झोपी गेला. आम्ही सगळे डोळे मिटून पुढच्या शब्दाची वाट पाहू लागलो. शब्द येईना. बाहेर कुठं तरी एक कोकीळ ओरडत होता, तो ऐकू यायला लागला. मग शेजारच्याचा श्वास. मग स्वतःचा. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर चर्चच्या पंचांपैकी दोघांच्या गालांवर पाणी. अखेर महिला मंडळातल्या एका बाईंच्या पर्समध्ये मोबाईल वाजला आणि मेहुणा दचकून म्हणाला, "आमेन!" उपासना सुटल्यावर आमच्यातले सगळ्यांत वयस्क पंच त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "साठ वर्षांत अशी प्रार्थना ऐकली नाही." तो लाजून काही तरी सांगायला लागला होता. बायकोनं त्याला चिमटा काढला.

आता ह्या माणसाच्या खऱ्या कामाकडं येतो. कडेगावच्या पुढं, डोंगराच्या अंगाला एक लहानसं गाव आहे. तिथं लिंबाच्या झाडाखाली पत्र्याच्या छपराचं एका खोलीचं चर्च आहे. तिथली माणसं त्याला देऊळच म्हणतात. पूर्वी तिथं पाळक राहत. मग तरुण पोरं कामाला पुण्या-मुंबईला गेली, उरली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी म्हातारी माणसं, आणि पाळकांचं येणं थांबलं. सांगलीच्या मोठ्या मंडळीत एकदा विचारणा झाली, की रविवारी तिकडं कुणी जाईल का. सगळ्यांनी आपापल्या चपलांकडं पाहिलं. मेहुणा त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होता. तो नुसताच "हं" म्हणाला असावा, कारण पुढच्या रविवारपासून तो जायला लागला. पहाटे सांगली सोडायची, उसाच्या पट्ट्यातून वर यायचं, सागरेश्वरच्या जंगलाच्या तारेपाशी थांबून हरणांना उपदेश म्हणून दाखवायचा आणि मग गावात शिरायचं. "हरणांना का?" असं मी विचारलं. म्हणाला, "कंटाळली की ती निघून जातात, दाजी. आपल्याला कळतं कुठला भाग लांबला ते. माणसं बिचारी बसून राहतात."

एकदा मी त्याच्या मागं बसून त्या गावाला गेलो. उपासनेत त्यानं वादळाची गोष्ट वाचली. समुद्र खवळला आहे, नाव बुडायला आली आहे, शिष्य घाबरले आहेत आणि येशू नावेत उशीवर डोकं ठेवून झोपला आहे. वाचून झाल्यावर हा पुस्तक मिटून म्हणाला, "तो का झोपला असेल, हे मला काही नीट कळलेलं नाही. तुम्हांला काय वाटतं?" पहिल्या बाकावर मार्थाआजी बसल्या होत्या. त्या मंडळीतल्या सगळ्यांत थोरल्या. डोळ्यांनी अधू, आवाजानं खणखणीत. त्या म्हणाल्या, "दमला असंल वो. दीसभर मानसांत हिंडायचं म्हंजी काय सोपं हाय? निजू द्याचं हुतं गप." मेहुण्यानं आनंदानं मान हलवली, "बरोबर आहे, आजी," म्हणाला, आणि तोच त्या दिवशीचा उपदेश झाला.

उपासनेनंतर तो घरोघर जाऊन बसतो. 'तिथं तू करतोस काय?' असं त्याला कुणीही विचारलं, की "बसतो" एवढंच त्याचं उत्तर. मार्थाआजी त्याला दर रविवारी त्यांच्या नवऱ्याच्या पांढऱ्या बैलाची गोष्ट सांगतात. तो बैल बाजारात विकला होता, आणि दुसऱ्या दिवशी आपला आपण डोंगर उतरून दारात येऊन उभा राहिला. ही गोष्ट त्यानं कितीदा ऐकली असेल, देव जाणे. पण दर वेळी बैल दारात आला, की हा उडी मारून विचारतो, "मग?" मला आधी वाटायचं की हा त्याचा चांगुलपणा आहे. नंतर लक्षात आलं, की तो दर आठवड्याला ती गोष्ट खरोखरच विसरतो. देवळाशेजारच्या उसाचे मालक एक निवृत्त सुभेदार आहेत, कपाळाला गंध लावणारे, घरात खंडोबा असलेले. तेही मागच्या बाकावर येऊन बसतात. मी कारण विचारलं. म्हणाले, "दाजी, मी बर्फात डूटी केली. सोबती गेला माझा तितं. गावात सगळ्यांनी इचारलं गोळी कशी लागली. ह्या पोरानं इचारलं, थंडी कशी हुती? इतक्या वर्सांत कुनी इचारलं न्हवतं." त्या दिवशी दोघं जण बांधावर बसून अर्धी दुपार थंडीबद्दल बोलले म्हणे. एक सरहद्दीवरच्या, एक बेदाण्याच्या.

असं सगळं स्वप्नात चालल्यासारखं चाललं होतं. त्यात माझ्या बायकोनं लक्ष घातलं. आमच्या मंडळ्यांची एक समिती आहे. पाळकाच्या शिक्षणासाठी ती दर वर्षी एका तरुणाला पुण्याला पाठवते. तिची बैठक साताऱ्यात होती. बायकोनं भावाचा स्वेटर स्वतःच्या हातानं उतरवला, त्याला इस्त्रीचा शर्ट घातला आणि समितीपुढं उभा केला. मी पंच असल्यामुळं कोपऱ्यात बसलो होतो. अध्यक्ष म्हणजे आमचे मोठे पाळक. अतिशय विद्वान, कमी बोलणारे. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "तुम्हांला प्रभूचं पाचारण केव्हा झालं?" बाकीच्या उमेदवारांनी ह्या प्रश्नाची उत्तरं पाठ करून आणली होती. कुणाला तापात हाक आली होती, कुणाला नदीकाठी. आमचे पाव्हणे विचारात पडले. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "साहेब, हाक अशी मला ऐकू आलेली नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये पंख्यांचा आवाज फार असतो."

"मग आलात कशासाठी?"

"ताईनं पाठवलं. आणि मला वाटलं, कदाचित तुम्हांला ऐकू आली असेल, तर तुम्ही सांगाल."

कुणी तरी खोकलं. "नंतर कळवतो" असं म्हणून त्यांनी त्याला पाठवून दिलं, आणि त्याचं नाव खाली गेलं हे मला तिथंच कळलं. बायकोनं रात्री चूल पेटवली नाही. मेहुणा मात्र स्वेटर परत मिळाल्यामुळं आनंदात सांगलीला गेला.

पण बातमीला पाय फुटतात आणि ते भलत्याच वाटेनं चालतात. गावात पोचली ती उलटी होऊन. आपल्या पोराला पुण्याला नेणार, असं सुभेदारांनी कडेगावच्या बाजारात ऐकलं. निवड पक्की करायला समिती पुन्हा बसणार होती, त्या दिवशी सकाळी आमच्या दारात वडापची, गावोगावची माणसं भरून नेणारी, एक जीप थांबली. तीतून आधी सुभेदार उतरले, पगडीसारखा घट्ट फेटा बांधून. मग त्यांनी मार्थाआजींना हात धरून उतरवलं, आणि त्यांच्या मागून सगळी मंडळीच उतरली. आजी म्हणाल्या, "दाजी, कुटं बसल्यात ती मानसं? आमाला तितं न्या. पोरगं न्हेऊ देनार न्हाई." त्याची निवड झालेलीच नाही, हे मी सांगून पाहिलं. पण म्हाताऱ्या माणसांनी डोंगर उतरून येताना जे ठरवलेलं असतं, ते असं दारातल्या एका वाक्यानं बदलत नाही. मेहुण्याला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तो तिकडं कुपवाडला थंडीत होता आणि तिथं फोन लागत नाही.

मी त्यांना समितीपुढं नेलं. मोठ्या पाळकांनी उठून आजींना खुर्ची दिली. आजी बसल्या आणि थेट म्हणाल्या, "त्यो काय कामाचा न्हाई तुमच्या. ऱ्हाऊ द्या आमच्याकडंच."

"तो उपदेश कसा करतो, आजी?"

"लय वाईट," आजी म्हणाल्या. त्याला वाचवायला त्या काहीही सांगायला तयार होत्या. "पुस्तक उघडतोय, दोन वळी वाचतोय, आन् खिडकीतनं भाहीर बघत ऱ्हातोय."

"मग तुम्ही काय करता?"

"आमी बी बघतो."

"काय दिसतं तुम्हांला?"

आजींनी मान हलवली. "मला कुटलं दिसायला? पर लिंब वाजतोय ते ऐकू येतंय. पाखरं ऐकू येत्यात. सारा जलम त्या देवळात गेला माझा, सायेब. पर त्यो लिंबबी देवाचाच हाय, ह्ये मला ह्या पोरानं कळीवलं. न बोलता."

आपली बाजू लंगडी पडते आहे असं वाटून सुभेदार पुढं सरसावले. "साहेब, मी तुमच्यातला न्हाई. पर येक सांगतो. गेल्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, पूल पान्याखाली गेला. आमी म्हटलं, आज काय त्यो येत न्हाई. तर पल्याडच्या काठाला ह्यो गडी हुबा, भिजलेला स्वेटर घालून. मंग ही सगळी म्हातारी अल्याड जाऊन हुबी ऱ्हायली. त्यानं तितनंच उपासना घेतली. पान्याच्या आवाजात येक अक्षर ऐकू आलं न्हाई. त्यानं हात वर केला, तवा ह्यांनी वळखलं, आमेन झालं. आन् मंग त्यो परत सांगलीला गेला. अशा गड्याला तुमी न्हेऊन काय करनार? तुमच्याकडं लय हाईत. आमच्याकडं ह्यो येकच हाय."

मोठ्या पाळकांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि तो परत न घालता बराच वेळ हातातच ठेवला. मग म्हणाले, "आजी, तुम्ही आम्हांला फार अवघडात टाकलंत." आम्हांला बाहेर पायऱ्यांवर बसायला सांगितलं. थोड्या वेळानं ते स्वतःच बाहेर आले आणि त्यांनी सांगितलं, की ह्या वर्षी पुण्याला तुमचाच मुलगा जाणार.

आजींना ते समजायला जरा वेळ लागला. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजी, आमीच त्येला घालीवला व्हय?"

सुभेदार म्हणाले, "आजी, तुमी जरा कमी बोलायला पायजे हुतं."

"आन् तू रं? त्यो ओढा काढायची काय गरज हुती मधीच?"

आणि मग त्या पायऱ्यांवर बसून दोघंही हसायला लागले. हसता हसता आजींनी पदर डोळ्यांना कधी लावला, ते मला कळलं नाही. जीपमध्ये चढताना त्या म्हणाल्या, "चांगला हाय म्हनून चांगलाच सांगितला. खोटं कसं बोलायचं देवाच्या मानसाम्होरं?"

मेहुण्याला संध्याकाळी, तो थंडीतून बाहेर आल्यावर, फोनवर कळलं. आधी म्हणाला, "दाजी, दुसऱ्या कुणाचं तरी असेल, नीट विचारा." मग म्हणाला, "पण रविवारी तिकडं कोण जाणार?" आणि तिथंच तो अडला. जन्मभर ज्या गोष्टीचं स्वप्न पाहिलं, ती दारात येऊन उभी राहिली, तेव्हा ह्यानं दार लावून घेतलं. साताऱ्याला येऊन आमच्या व्हरांड्यात बसला, अजिंक्यताऱ्यावरच्या ढगांकडं बघत. बायको रागावली, रडली, आईची आठवण काढून झाली. त्याचं एकच. "ताई, पुण्याला जाणारी माणसं पुष्कळ आहेत. तिकडं कुणी जात नाही." इतक्या ठामपणे बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं. त्याला स्वप्नाळू म्हणायची आम्हांला सवय झाली होती. हा माणूस पुरता जागा होता.

त्या रविवारी मी त्याच्याबरोबर गेलो. आपण जाणार नाही, हे मंडळीला सांगायचं त्यानं ठरवलं होतं. ते ऐकून सगळ्यांना किती आनंद होईल, ह्या कल्पनेनं त्याचा चेहरा वाटेतच उजळला होता. गाणं झालं, वचन वाचून झालं, आणि तो म्हणाला, "आज मला एक सांगायचं आहे."

मार्थाआजी उठून उभ्या राहिल्या. "खाली बस. आज मी बोलती."

तो खाली बसला. आजींनी बाकाचा आधार घेतला आणि तो जिथं असेल असं त्यांना वाटलं, तिकडं तोंड केलं. "तू काय सांगनार हाईस, ते मला दाजींनी फोनवर सांगितलंया. आता माझं ऐक. तू येत न्हवतास तवा दर ऐतवारी मी दार उघडं ठिवून बसायची. कोन यील म्हनून न्हवं. आपलं उघडं असावं म्हनून. अशा लय जनी बसल्या असतील, लेकरा, कुटं कुटं. तू शिकून आलास तर मोठं सायेब तुला गावोगाव धाडतील. त्येंच्याकडं जायला नगं का कुनी? माझ्या येकटीच्या दारात बसून कसं चालंल?"

नेहमीप्रमाणं मेहुणा खिडकीबाहेर पाहायला लागला, आणि सगळी मंडळी त्याच्याबरोबर बाहेर पाहायला लागली. मीही पाहिलं. ऊन होतं, लिंबाची पानं हलत होती, दोन साळुंक्या भांडत होत्या. मागच्या बाकावरून सुभेदारांनी घसा साफ केला. "आन् हितली काळजी करू नगं. हितं दाजी येतील की." सगळ्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. मी चपलांकडं पाहायला हवं होतं, पण तोवर उशीर झाला होता.

जूनमध्ये तो गेला. आम्ही त्याला सोडायला स्टँडवर गेलो होतो आणि तो बरोबर गाडीत बसला आहे ना, हे बायकोनं कंडक्टरला इतक्यांदा विचारलं, की गाडीतले सगळेच प्रवासी आपापली गाडी तपासायला लागले. पुढच्या रविवारी मी एकटा त्या गावाला गेलो. आयुष्यभर शाळेत बोलत आलेला माणूस मी, पण त्या खोलीत मला माझाच आवाज फार मोठा वाटला. मी नीट तयारी केलेला उपदेश केला. सगळ्यांनी तो मन लावून ऐकला, म्हणजे मला वाईट वाटू नये इतपत. बाहेर आल्यावर आमच्या रीतीप्रमाणं सगळ्यांशी सलाम झाला. मार्थाआजी माझा हात धरून पायरी उतरल्या, आणि झाडाखाली आल्यावर थांबल्या.

"दाजी," त्या म्हणाल्या, "आत्ता पुन्यात किती वाजलं असतील वो?"

मी घड्याळाकडं पाहिलं. "इथल्याएवढेच, आजी."

"व्हय?" त्यांनी चेहरा वर केला. त्यावर पानांतून आलेलं ऊन हलत होतं. मग समाधानानं म्हणाल्या, "मंग त्यो बी आत्ता देवळातनं भाहीर आला असंल."